अजून दोन हात

एप्रिल लागला की हजेरीपटावर
'गै' हे अक्षर मोहरासारखं फुटतं.
चोवीस नावं होती. आज अकरा.
बाकीची जामसंड्याच्या बागांत,
झेला घेऊन झाडावर
किंवा पेट्यांत पेंढा भरत.
दिवसाला सातशे, दुपारचं जेवण वेगळं.
मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू
ॲप्रेंटिसशिपला पुण्यात
खोलीभाडं वजा जाता
हातात किती पडतात ते.

देवगड. आयटीआय. फिटर ट्रेड, दुसरं वर्ष.
परीक्षेला एकसष्ट दिवस.
पत्र्याखाली दुपारी व्हाइससुद्धा घामेजतात
आणि काल घासलेल्या लोखंडावर
खारा वारा रातोरात
तांबूस साय धरून जातो.

ऑफिसातून कागद आला:
'अंतिम सत्रातील प्रशिक्षणार्थींचे मनोबल वाढवावे.'
पोचपावतीवर सही केली.
मनोबल कुठल्या कपाटात असतं,
डेडस्टॉक रजिस्टरात त्याचा अनुक्रमांक कोणता,
हे लिहायचं राहून गेलं असावं.

तरी बोललो.
म्हटलं, माझे वडील होडीवर जायचे.
सांगायचे, होडी भर समुद्रात क्वचित बुडते,
बुडते ती खाडीच्या तोंडाशी.
घरचा दिवा दिसला की
सुकाणावरचा हात सैल पडतो.
छान जमलं होतं. मलाच जरा भरून आलं.

मागच्या बाकावरून दुर्वेश कुबल म्हणाला,
"सर, तेंच्या होडयेत मासळी तरी होती."

कोणी हसलं नाही.
हसले असते तर बरं झालं असतं.

मी खडू ठेवला.
एकोणीस वर्षं बघतोय,
शेवटच्या दोन महिन्यांतला कंटाळा
ही भीतीच असते, नाव बदलून बसलेली.
इथे असेपर्यंत लग्नात, बाजारात, एसटीत
कोणी विचारलं, काय करतोस रे,
तर 'शिकतोय' म्हटलं की भागतं.
जुलैनंतर ते भागणार नाही.

कोपऱ्यात नसीमा सोलकर कानस मारत होती,
माझ्या भाषणातही थांबली नव्हती.
बॅचमधली एकटी मुलगी,
बाप बर्फाच्या कारखान्यात,
तीन बोटांना चिकटपट्ट्या.
जॉब साधाच: चौकोनी खाचेत बसणारा चौकोन.
उठली, खिडकीशी गेली,
दोन्ही तुकडे जोडून उजेडासमोर धरले.
बाहेर पवनचक्क्या, त्यांच्याखाली समुद्र,
आणि तिच्या लोखंडातून
केसाएवढी पांढरी रेघ.

"सर, दिसतोय अजून."

दुर्वेश उठला. मग गौरांग. मग सायमन.
एकेकाने डोळा लावून पाहिलं
समुद्र किती आत येतो ते.
एक म्हणाला उजवीकडे जास्त आहे,
दुसरा म्हणाला तुझीच मान वाकडी.
दुर्वेशने खणातून स्वतःचा जॉब काढला,
फेब्रुवारीत टाकून दिलेला, गंजका,
आणि खिडकीला लावला.
"हेच्यातसून होडी जायत रे," गौरांग म्हणाला,
"मासळेसकट."

तेव्हा हसले सगळे. दुर्वेश जरा उशिरा.

ठेवलेला खडू मी उचलला
आणि त्याच्या कानशीच्या दातांत घासला,
म्हणजे कीस अडकत नाही.
आडवी नको, तिरकी मार.
अजून दोन हात.
दोन म्हणजे दोनशे, हे त्यालाही ठाऊक आहे.

उद्या तो येईल की आंब्यावर जाईल, सांगता येत नाही.
पाच वाजून गेलेत.
खिडकीच्या काचेवर तेलकट बोटांचे ठसे,
दारात राऊळ शिपाई कुलूप घेऊन उभे,
एकदा घड्याळाकडे बघतात, एकदा माझ्याकडे.
आत कर्र, कर्र.
कुणाला तरी अजून रेघ दिसते आहे.