केशरी दिवा

नऊ वाजता काडी मेली.
म्हणजे दिवा जिवंत होता,
केशरी, मिचमिच, डोळे आल्यासारखा.
पडद्यावर वाटोळं चाक फिरत होतं,
आणि चौदाव्या भागातली कोरियन डॉक्टरीण
पत्र अर्धं उघडून थिजली होती.
झिबलबाई वाटीत चिवडा घेऊन आलेल्या,
म्हणाल्या, "फोडते का नाही ते पत्र?"

प्लग काढला, फुंकर मारली, लावला.
रिमोटचे सेल अदलाबदल केले.
वायफाय बंद करून शंभर आकडे मोजायचे होते,
झिबलबाई साठावर चुकल्या,
पुन्हा पहिल्यापासून.
टीव्हीमागे हात घालून
ती बोटाएवढी काडी उपटली, पदरानं पुसली,
उलटी लावून पाहिली.
उलटी जात नाही.

शेवटी नंबर लावला.
सतरा मिनिटं बासरी वाजली.
मी शिव्या दिल्या नाहीत.
एकतीस वर्षं एक्स्चेंजात काढली, त्यातली पहिली सगळी ट्रंकवर,
कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत,
बालाघाट, सिवनी, गोंदिया, चांदा,
ज्याला जे गाव हवं त्या भोकात दोरी.
"लाइन व्यस्त आहे" हे वाक्य
मी किती बाळंतपणांवर, किती मयतींवर ठेवलं
त्याचा हिशोब नाही.

"नमस्कार, मी प्रज्वल. आपली काय मदत करू शकतो?"
मराठी नवीकोरी,
कॉलरला टाचणी अजून तशीच.
आपण उपकरण पुन्हा सुरू केले आहे का?
केलं.
तीस सेकंद थांबला होतात का?
म्हटलं, बाबू, थांबायचं मला नको शिकवू.
कृपया दिव्याचा रंग सांगावा.
"आता पिवळा होऊन राह्यला ना जी,
मले तं कावीळच दिसते."

पलीकडे गप्प.
लाइन तुटल्याची शांतता वेगळी असते,
माणूस चिडल्याची वेगळी.
ही तिसरी होती:
कुणीतरी हेडफोन कानाजवळ ओढल्याची.
मग हळूच, शेजारचं टेबल ऐकेल अशा बेतानं,
"काकू, तुमी नागपूरच्या का?"
"नंदनवन. अन् तू?"
"कुहीचा. दोन वर्सं झाले, हैदराबादले हाये."
"जेवला?"
"शिफ्ट सुटल्यावर.
किती हाये तिकडं आज?"
"सेहेचाळीस. अजून भिंती तापेल हायेत."
"मंग आइका. हे माह्या कागदात नाही लिहेल.
टीव्हीमागची भित पश्चिमेची असन."

होती. दुपारभर ऊन प्यायलेली.
काडीला पालथा हात लावला,
ताप मोजतात तसा.
"कोरड्या वाटीत टाका, माठावर ठेवा. दहा मिनिटं."

झिबलबाईंनी उरलेला चिवडा तोंडात टाकला,
वाटी पुसली.
काडी तिच्यात निजवून माठाच्या झाकणावर ठेवली.

त्यानं फोन ठेवला नाही.
ठेवायला हवा होता, हे मला कळतं.
आम्हीसुद्धा बरोबर मध्ये शिरायचो,
तीन मिनिटं झाली म्हणून,
रडणाऱ्याच्याही मध्ये.
तो बोलत नव्हता, मीही नाही.
कूलरची खडखड त्याला जात असावी.
एकदाच म्हणाला, "ताट्या बदलल्या का?"
"बुधवारी."
"हं," म्हणाला,
वास घेतल्यासारखं.

दिवा पांढरा झाला.
आवाजाला पुन्हा टाचणी लागली:
आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?
मी म्हटलं, नको. जेवून घे.
मग बाईचा तो यंत्रातला आवाज,
सेवेला एक ते पाच गुण द्या.
पाच दाबलं. पुन्हा पाच.
तिनं एकच नोंदवून घेतलं.

डॉक्टरणीनं पत्र उघडलं, वाचलं,
आणि आमच्याकडे न बघता खिशात घातलं.
"अवो, काय लिहिलं होतं?" झिबलबाई.
मलाही नाही कळलं.

सव्वाअकराला दिवा परत केशरी.
मी वाटी घेऊन उठले.