सातवं प्रकरण

सातव्या प्रकरणात होडी बंदराशी येते
आणि बंदर तिला परत पाठवतं.
मी वाचत होते. फळ्यावर 'निर्वासित',
खाली व्युत्पत्ती, खडूची रेघ.

मागून लौकिक तारी :
"बाई, होडी केवढी?"
चाळीस फूट. माणसं त्र्याऐंशी.
तो बोटांवर काहीतरी मोजतो.
"आमच्या होडयेर अकरा खलाशी.
बारावो इलो तर झोपाचा खंय म्हणान भांडणा."

वर्ग हसला. मग हसायचा थांबला.

मी म्हटलं, पुढचं पान.
कुणी उलटलं नाही.
चैत्राली धुरी उभीच राहिली,
"पण बंदरातसून भायर कशाक काढल्यानी?
वादळात मालप्याच्यो होडयो हंयच ऱ्हवतत,
गुजरातच्योय. कोण इचारता?
आवय भाकऱ्यो धाडता."

माझ्या टाचणवहीत उत्तर होतं, चार मुद्द्यांत.
खिडकीबाहेर देवगडच्या पवनचक्क्या,
खाली नांगर टाकलेल्या होड्या
एकमेकींना घासत, जुने टायर मधे धरून.

घंटा झाली. लौकिक अजून बाकावरच.
"बाई, त्येंनी पाणी किती दिवसांचा भरल्यानी हुता?"

पुस्तकात ते नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं :
पाणी?