तुटक्या पायाचा खिळा

झुत्फेन, आलाइडा वेंटिंक यांचा छापखाना

बस, योरिट. ते स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकून बस.
कोट काढू नकोस, इथली शेगडी फक्त शाईपुरती.

हलकं काहीतरी, म्हणतोस. बिनपायांची अक्षरं,
दवाखान्याच्या पाटीवर असतात तशी,
गुळगुळीत, धुतल्या बशीसारखी.
आहेत माझ्याकडे. त्या खालच्या खणात.
सायकलतळाच्या पावत्या छापते त्यांत.

पण आधी हा खिळा उचल. उलटा दिसेल, दिसू दे.
दांडा जाड, वळताना बारीक होत जातो:
पिसाची लेखणी तिरकी धरणाऱ्या कुणाची तरी सवय
शिशात उतरली, ती अजून गेलेली नाही.
आणि खाली ही इवली पावलं.
वडील म्हणायचे, पाय आहेत म्हणून ओळ चालते,
नाहीतर अक्षरं नुसती उभी, बसची वाट बघत.

यांत मी काय काय नाही छापलं!
मृत्युपत्रं. बटाट्याच्या बियाण्याच्या याद्या.
पुराच्या वर्षी, पाणी उकळून प्या, ही सूचना.
ठळक नव्हती, ओरडत नव्हती,
तरी लोकांनी उकळून प्यायलं.
हे अक्षर आवाज चढवत नाही,
समोरच्याला खुर्ची देतं आणि मग बोलतं.
खोटंही तितक्याच सभ्यपणे बोलतं, तेही सांगायला हवं:
बुडालेल्या पेढीची रोखपत्रं याच केसमधली.

तुझ्या आईच्या नावात छोटे ई सहा.
खेशे एवरडीना वेसेलिंक.
मोजले मी, तू यायच्या आधीच.
धडके ई माझ्याकडे आता चाळीसेक उरलेत,
म्हणून आधीचा मजकूर सोडवावा लागतो.
काल सकाळी रोखमान्सांच्या जुळ्या मुलींचं कार्ड सोडवलं,
तेच हे. रॉकेलनं धुतलेत.
परवा आणखी कुणाचे होतील.

आणि एक. तुला ठाऊक नसेल.
नावेची तिकिटं इथंच छापायचो आम्ही,
वीस वर्षं ती धक्क्यावरच्या खोपटात तिकिटं फाडत बसली.
एका गुरुवारी आली, अकरा किलोमीटर,
समोरून वारा, सायकल हाणत.
तिकीट काउंटरवर ठेवलं, नखानं दाखवलं:
या आरचं डावं पाऊल तुटलंय.

बाराशे तिकिटं. कुणाला दिसलं नव्हतं. मलाही.
मी म्हटलं, नाव तर पलीकडे जातेच ना?
ती म्हणाली, जाते.
पण हा लंगडतोय.

तो खिळा वितळवायच्या डब्यात टाकणार होते.
टाकला नाही.
हा बघ, काड्यापेटीत, कापसावर.

काल रात्री वाटलं, एवरडीनामध्ये हाच घालावा.
स्टिकमध्ये लावलाही.
ओळ वाचली, उलटी, आम्ही वाचतो तशी.
मग काढला.
कारण उद्या साठ कार्डं पोस्टात पडली असती
आणि तुझी आई, मला खात्री आहे,
जिथं कुठं पोचली असेल तिथून
वाऱ्याविरुद्ध पॅडल मारत
ते घेऊन आली असती परत.

धडका घातलाय.
हे प्रूफ. खिडकीशी ने, उजेडात बघ,
घाई करू नकोस.
तिनं केली नसती.