तीन नंबर बंद

हरसूलहून पावणेपाचची एसटी.
सिव्हिलमध्ये डायलिसिसच्या दारावर चिठ्ठी:
तीन नंबर बंद.
म्हणजे आमची पाळी रात्री,
परतीची गाडी उद्या.
आठवड्यातून तीनदा. दोन वर्षं.
माझ्या कोंबड्या शेजारणीच्या हाकेला
धावायला लागल्या.

आता मशीन त्र्यंबकलाच आलंय.
बाराला सुई निघते, दोनला हे घरी.
नागलीची अर्धी भाकर.
पाणी मी मोजूनच देते,
त्यावरून भांडण.
भांडायला सवड मिळते, हेही नवंच.

काल म्हणाले, भिमे, शिडी धर,
कौलं चाळायची राहिलीत.
धरली.
दोन पायऱ्या चढले, दम घेतला,
आणि तिथूनच
कुठलं कौल फुटलंय ते
मला बोटानं दाखवत राहिले
ऊन उतरेपर्यंत.