वजावट

मार्चचा दुसरा आठवडा. सरोवर अजून गोठलेलं.
टेबलावर बुटांचा खोका, खोक्यात वर्षभराच्या पावत्या.
काहींची शाई उडालीय,
डुलुथच्या उन्हानं नव्हे, माझ्याच दिव्यांनी.

खाली तळघरात चार मांडण्या, सोळा ट्रे,
मुळा, मोहरी, सूर्यफूल,
सगळं बोटाएवढं असतानाच कापायचं.
बियाणं एकशे चाळीस डॉलर. काथ्याचा भुसा. कात्री.
जानेवारीत जळालेला पंखा
आणि त्याच्या जागी आणलेला पंखा.
बुरशी लागून फेकले ते अकरा ट्रे,
त्यांची पावती कोण देतं?

आर्विड निएमी अर्ध्या गल्लीचे कर भरून देतो,
माझ्याकडून मोबदल्यात मुळ्याचे कोंब नेतो,
आणि "हेही उत्पन्नच, मार्लिस" म्हणत
स्वतःच लिहून घेतो.

"धंदा की छंद?"
मी म्हणते, पेन्सिलनं लिही.

घराचा आठवा हिस्सा तळघरातला तो कोपरा.
म्हणजे आठवा हिस्सा छप्पर, आठवा हिस्सा विमा,
आठवा हिस्सा ती भट्टी, जी रात्रभर खोकते.
मग तो चष्मा कपाळावर चढवतो.
"जागा फक्त कामाचीच ना? दुसरं काही होत नाही तिथं?"

मांजर झोपतं, उबदार चटईवर.
"उंदीर धरतं?"
कधीमधी.
"मग मांजराचं सोड."

मी खोका उगाच सारखा करते.
मग सांगते.
डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, आर्विड.
मी स्टूल घेऊन खाली जाते,
दुसऱ्या मांडणीसमोर बसते, तोंड दिव्याकडे करून.
चाळीस मिनिटं. रोज.
पाणीसुद्धा घालत नाही.
कोंब आपले वाढतात, मी आपली बसते.

बाहेर बर्फाची गाडी खरवडत चढ चढते.
"ट्रे तपासत असशील," तो म्हणतो,
"पानं पिवळी पडलीत का, ते बघत."
नाही. डोळे मिटलेले असतात.

तो कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवतो.
साठ वॉट. चार महिने. ऐंशी तास.
पाच युनिटही भरत नाहीत.
बहात्तर सेंट,
अख्खा हिवाळा.

"खासगी वापर," तो लिहितो,
"वजा. पण फॉर्मात सेंट चालत नाहीत,
पूर्ण आकडा लागतो."

एक डॉलर, मग.
लिही. शाईनं.