नोनूचं वजन

सोमवारी आणि गुरुवारी मी ट्रक काढतो
सवाईच्या काळ्या दगडावरून.
हा दगड एकदा वाहत होता.
पणजोबाच्या देखत त्यानं गाव गिळलं, समुद्रात शिरला,
आणि निवल्यावर त्याच्या भेगेतून
सगळ्यांत आधी डोकं काढलं ते नोनूनं.
माती नव्हती. बोलावलंही नव्हतं कुणी.

फळ म्हणाल तर बटाट्याएवढं, अंगभर डोळे.
हिरवं, मग पिवळट, मग मेणासारखं पांढरं,
आणि मग तो वास!
विटलेलं चीज, भिजलेला कुत्रा.
फुआतिनो म्हणते, ट्रकमध्येच झोप.
बावीस वर्षं झाली लग्नाला,
अजून म्हणते.

पोती काट्यावर चढतात, पोरं ओले खिसे चाचपतात,
काही जण मध्ये दगड घालतात. मला कळतं.
मी काही बोलत नाही, तीनएक किलो वजा करतो.
तिकडे आपियात रस निघतो, बाटली होते,
बाटलीला कागद चिकटतो:
साखर, रक्तदाब, सांधे, झोप, उमेद.
एवढं सगळं आमच्या झाडाला ठाऊक होतं
हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

एका झाडाला मात्र हात लावायचा नाही.
ते पेलेनतेतेचं.
गावाची तौलासेआ ती, पाल्याची जाणकार.
गळू आलं की पान निखाऱ्यावर धरते,
पान मऊ पडतं, चकाकतं, मग गळवावर.
हिरडी सुजली तर पिकलेला गर.
रांजणवाडीला काय लावते ते सांगत नाही.
रात्री दचकून उठणाऱ्या पोराभोवती डहाळी फिरवते,
म्हणते, मेलेल्यांनाही नाक असतं.
आणि त्या मोठ्या वादळानंतर,
केळी आडवी, नीरफणस उघडेबोडके,
तेव्हा आम्ही नोनूच खाल्लं मीठ लावून.
तोंड वाकडं करत, पण खाल्लं.

मला अंगठ्याला खिळा लागला होता.
पंधरा दिवस झाले तरी मिटेना.
मी तिच्या ओट्यावर पाय ठेवला.
तिनं पान शेकलं, फुंकर घातली, आणि थांबली.
"दुखतं का, उएलेसे?"
"छे!" मी म्हटलं, जरा छाती काढूनच.
तिनं पान बाजूला ठेवलं.
"गोळ्या?"
गोळ्या मी बंद केल्या होत्या.
सकाळ-संध्याकाळ बाटलीतला रस घेत होतो,
माझ्याच ट्रकमधून गेलेला,
जहाजानं परत आलेला, सहापट दरानं.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
कोंबडी आली, गेली.
"दुखलं असतं तर मी बांधलं असतं," म्हणाली,
"न दुखणाऱ्या पायाचं औषध माझ्या झाडावर नाही.
आत्ता तुआसिवीला जा. जेवायला थांबू नकोस."
मी तसाच बसून राहिलो. घाबरलो होतो, खरं सांगतो.
तेव्हा तिनं ते शेकलेलं पान उचललं
आणि जखमेपासून लांब, पोटरीला बांधलं.
"हे कशाला?"
"हे तुझ्यासाठी. तिकडे जायचं ते पायासाठी."

दवाखान्यात मला काट्यावर उभं केलं.
एकशे अठरा.
सवयीनं मी भावाशी गुणून पाहिलं,
फारसे आले नाहीत.
नर्स तरुण, आपियाची,
तिनं पान सोडलं, नाकाशी नेलं,
मला वाटलं आता रागावेल.
घडी घालून तिनं ते खिडकीत ठेवलं,
म्हणाली, "माझी आईही हेच करायची. गोळ्या कधी सोडल्या?"

दोन बोटं गेली. पाय राहिला.
क्लच आता टाचेनं दाबतो, गिअर कुरकुरतो.
सोमवारी पोती येतात, गुरुवारी येतात,
बाटलीवरचा कागद तसाच आहे.
पेलेनतेतेच्या झाडाखाली
पिकून पडलेली फळं मुंग्या नेतात,
आणि वळणावर वास आला की
मी काच खाली करतो.