समवस्त्र

परिपत्रक कन्नडमधनं आलं.
हेडमास्तरांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
मग मला म्हणाले, रत्नव्वा,
खेळाच्या सामानाची खोली मोकळी करा.

मी लेझमी काढलो, फुटक्या रिंगा काढलो,
संचलनाचा ढोल काढलो, त्यात उंदराची पिल्लं.
गड्यानं भिंतीत आठ खिळे मारले.
पोरी मोजून आठच होत्या.

आमच्यात गणवेश म्हणतात.
कागदावर समवस्त्र.
सम म्हंजे सारखं, क्लार्कनं सांगितलं.
निपाणीत बावीस वर्षं मी हे फाटक उघडतोय,
सारखं कापड अजून बघितलो नाही.
सरकारी कापडाचा निळा श्रावणातच उडतो.
अक्कोळच्या पोरीचा शर्ट तिच्या दादाचा.
जत्राट वेशीतल्या दोघी बहिणींत एकच स्कर्ट,
एकीचा सोमवार, एकीचा मंगळवार.
आणि सगळ्यांच्या अंगाला तंबाखूची खाट.
तेवढं मात्र सम.

सव्वानऊला त्या यायच्या.
बुरखा, बुरखा, ओढणी, बुरखा.
जुलेखा सनदी सगळ्यात शेवटी.
मावशी, तिकडं बघा की, म्हणायची,
मग एकेक पिन काढून दातात धरायची,
मग खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडायची
पेपराच्या दिवशी पट्टी-पेन्सिल मांडावी तशी.
मग दोन्ही हात केसांवर ठेवून थोडा वेळ उभारायची,
वरनं काहीतरी पडणार असल्यासारखी.
हे मी बघितलो नाही म्हणायला पाहिजे.
मी पाठ करून उभारायचो.
काचेत दिसायचं.

एका शुक्रवारी काही पोरं भगवे शेले घालून आली.
तेही काढायला लावले.
त्यांना खिळे नव्हते, दप्तरात कोंबले.
दोघांच्या शेल्याला किमतीची चिठ्ठी तशीच.

नववीतल्या बसलिंगाच्या गळ्यात चांदीची करडगी,
ती शर्टाच्या आत असती.
आत असलेलं कुणाला टोचत नाही.
मी काही म्हणत नाही.
मला कोण विचारतंय?
चावी माझ्याकडं असती, एवढंच.

चिक्कोडीहून साहेब आले, खिळे मोजले,
छान व्यवस्था, म्हणाले, चहा घेतला, गेले.

दिवाळीनंतर सात. मग पाच.
डिसेंबरात जुलेखाची आई दाखला न्यायला आली,
बोटं विडीच्या पानानं काळी.
क्लार्कनं विचारलं, कारण काय लिहू?
लिवा काय बी, ती म्हणाली.
त्यानं लिहिलं : पालकांची इच्छा.
इच्छा कुठली ह्यातली, तिनं विचारलं,
त्यानं रकाना दाखवला,
आणि तिनं तिथंच अंगठा उठवला, अक्षरांवरच.
क्लार्क वैतागला. दुसरा फॉर्म काढला.

तेवढ्यात मी खोलीत जाऊन आलो.
कट्ट्यावर चार पिना राहिल्या होत्या,
एकीला हिरवा मणी.
द्यायच्या म्हणून मुठीत धरलो.
ती पायरी उतरली, चप्पल शोधली,
एकदा माझ्याकडं बघितलं.
दिलो नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.
घरी येऊन बांगडीत अडकवलो.

सव्वीस जानेवारीला वारं सुटलं होतं.
झेंडा फडफडला, सगळे ताठ,
आणि माझा पदर डोक्यावरनं घसरून
पार खांद्याखाली.
हेडमास्तर मंचावरनं, अगदी हळू,
स्वतःच्या बहिणीला सांगावं तसं :
रत्नव्वा, पदर.

सगळं मैदान माझ्याकडं.
मी पदर ओढलो,
बांगडीतली पिन काढलो, हिरव्या मण्याची,
दातात धरलो.

पिन दातात असली की
बोलता येत नाही,
हे मला त्या दिवशी कळलं.